एकाच कोपऱ्यातलं पाणी

कुपवाड,
गुरुवार, ९ फेब्रुवारी १९७८

तीर्थरूप आप्पांना शालनचा नमस्कार. आईलाही सांगावा.

मी बरी आहे. सुलाआत्या माझं सगळं बघतात. पेठेत नवी हळद आली आहे, गल्लीतून जाताना डोळे चुरचुरतात. यंदा कुंकवाला इथलीच न्या, रंग चांगला आहे.

कारखान्यातल्या कामाचं तुम्ही विचारलं होतं. लोखंडी तारेचा गंज काढायला ती तेजाबात, म्हणजे अ‍ॅसिडात, बुडवतात. ते वापरलेलं पाणी मागच्या हौदात येतं. तसंच सोडलं तर ओढ्याकाठचं गवत जळतं, म्हणून त्यात चुनाभट्टीची राख कालवायची. राखेतला चुना तेजाबाला मारतो. पाण्यातलं तेजाब मेलं की नाही हे बघणं माझं काम. तपासायचे कागद संपले तेव्हा मी हळदीत भिजवून वाळवलेल्या कापडाच्या पट्ट्या केल्या. चुना भिडला की हळद लाल होते, हे मला शाळेच्या आधी तुमच्या परातीत कळलं होतं. मालक भाऊसो सगळ्यांसमोर म्हणाले, "कुंकवाच्या घरची पोर, हिला कागद कशाला?"

सोमवारी कारखान्यातल्या धुळाला अपघात झाला. माझी ट्रंक स्टँडवरून डोक्यावर घेऊन आला होता, तोच. पाणी सोडल्यावर तो गाळ काढायला हौदात उतरला आणि घसरून पडला. गुडघ्यांपर्यंत कातडी गेली. उजव्या डोळ्याने आता दिसणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.

सगळे म्हणतात, न विचारता उतरला. धुळाही तेच सांगतो.

आप्पा, तो विचारून उतरला.

"ताई, उतरू का?" म्हणाला. मी "उतर" म्हणाले.

पट्टी लाल झाली होती. पण मी ती एकाच कोपऱ्यात बुडवली होती, जिथे त्याने राखेच्या पाट्या ओतल्या तिथेच. राख नीट ढवळलेली नव्हती, तळाच्या गाळात तेजाब तसंच होतं. रोज मी चारही कोपरे बघते, तळाचं पाणी काढून बघते. त्या दिवशी का नाही बघितलं, ते मला सांगता येत नाही. घाई नव्हती. बरं वाटत नव्हतं असंही नाही.

त्यानंतर दोन दिवस कामावर गेले. जेवलेही.

काल धुळाची बायको मनुबाई भेटली. "त्या पोरीची नोकरी जाईल," असं तो तिला म्हणाला म्हणे, म्हणून खोटं बोलला.

आज भाऊसोंना सांगितलं. ते म्हणाले, "न विचारता उतरलो, अशा कागदावर धुळाचा अंगठा घेतलाय. संपलं ते. तुमी कशाला मधे पडताय?" मी म्हटलं, मग दुसरा कागद करा, मी सही करते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

मी कागद स्वतःच लिहिला. एक त्यांच्या टेबलावर ठेवला, एक दवाखान्यात घेऊन गेले. धुळा हसला. "लय शाण्या हायसा ताई. मी एकटाच घरी बसणार हुतो, आता जोडीला तुमी." मनुबाई हसली नाही. तिने कागद घडी करून कनवटीला खोचला आणि माझ्याकडे बघत राहिली.

शनिवारी दुपारच्या गाडीने येते. आईला हे पत्र तुम्हीच वाचून दाखवा, काही न गाळता. कुणी विचारलं तर पोर सुट्टीवर आली आहे, असं म्हणू नका.

तुमची,
शालन