कांचनने सोडलेले पास

नॉर्थ कॅरोलायना, १२ ऑक्टोबर १९८६

ती. आजीस कांचनचा सा. न.

रविवारच्या वर्गात शिकले तेवढ्या मराठीत लिहिते, हसू नकोस. कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल टीममध्ये (इथला, हाताने खेळतात तो) मी रिसीव्हर आहे. आमची कॅप्टन सूझन लांबून बॉल फेकते, मी पळता पळता पकडायचा. अंगावर कुणी पडत नाही; कमरेची पट्टी ओढली की खेळ थांबतो, हे आईला सांग.

पण मी तीन पास सोडले. घट्ट पकडते, तरी बॉल हातातून उडतो. सूझन म्हणते, पंचवीस तारखेच्या मॅचमध्ये पुन्हा सोडलास तर तुझ्या जागी दुसरी. मला ही जागा हवीय, आजी. एरवी सगळे मला फक्त गणितासाठी बोलावतात.

तुझी लाडकी (असं तूच म्हणतेस),
कांचन

पार्सिपनी, १७ ऑक्टोबर १९८६

चि. कांचनला आजीचे आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईने वाचलं, हेही तीच लिहितेय. ‘पास सोडले’ वाचून तिला वाटलं परीक्षाच बुडाल्या. खुर्चीत बसली. आता बोटं मोडतील म्हणते. मी म्हटलं, विनीता, मी सांगते तेवढंच लिही.

बाई गं, पकडतात चोराला. बॉल झेलायचा. हा शब्द वर्गात आला नाही वाटतं? घरावर कौलं चढवताना खालून दादा कौल उडवायचा, परकर खोचून शिडीवर मी. हात ताठ ठेवले की कौल आपटून फुटायचं. ते जिकडे निघालंय तिकडेच हातही त्याच्याबरोबर थोडे जाऊ द्यायचे. मग येऊन बसतं, जावयासारखं.

सूझनला आशीर्वाद. दरडावते, पण पोरगी बरी दिसते.

जमलं तर कळव, नाही जमलं तर आधी कळव. माया आहेच, स्वेटर घाल.

आजी
(खरंच जप. – आई)

नॉर्थ कॅरोलायना, २६ ऑक्टोबर १९८६

ती. आजीस सा. न.

काल पहिलाच पास माझ्याकडे आला. हात बॉलबरोबर जाऊ दिले आणि तो बसला! मी इतकी खूश, की पळायचंच विसरले. कुणीतरी येऊन पट्टी ओढली. सूझन जाम ओरडली. नंतरचे चारही झेलले, आणि पळाले.

मॅच हरलो. बसमध्ये सूझन चिडलेलीच होती. म्हणाली, पुढच्या शनिवारी सगळे लांबचे पास तुलाच फेकणार. मी म्हटलं, फेक.

लोभ आहे तेवढा राहू दे, थोडा आईकडूनही पाठव.

तुझी,
कांचन