विषय नसलेले मेल

२ जून २०२५, सोमवार
संस्थेचा मेल सर्व्हर आजपासून माझ्याकडे. उघडला आणि हसूच आलं! आधीच्या माणसाने प्रत्येकाचे सगळे मेल एकेका अगडबंब फाइलमध्ये कोंबून ठेवलेत. कार्यालय अधीक्षक कमलाकर सरांची एकट्याची फाइल अकरा जीबीची – ती बिघडली की दहा वर्षांचं सगळं गेलं. मी आता प्रत्येक मेलला स्वतंत्र फाइल देणार. सरांना समजवायला गेले तर म्हणाले, मग कपाट मोठं लागेल का? दारव्ह्याच्या शिक्षणसंस्थेत नोकरी करायची म्हणजे रोज हे.

३ जून
डिस्क कशाने भरली ते सापडलं. सुप्रभातचे गुलाब! पाठवणारे प्राध्यापक, आणि उलट गुलाब पाठवणारेही प्राध्यापक.

५ जून
आज चाळणी लावली. दोन रस्ते होते – संशयास्पद मेल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे, किंवा दारातूनच फेकायचे. प्रवेशाच्या टेबलावरचा शाम मध्येच बोलला. हा जवळच्या बंजारा तांड्यावरचा, बारा वर्षं इथे आहे, अजून एका बोटाने टाइप करतो. म्हणे, "फेकू नका मॅडम. एका बाजूले राहू द्या, मी रोज पाहत जाईन." मला शिकवतो! कचरा जपूनच ठेवायचा तर चाळणी लावायची कशाला?

फेकायचं ठरवलं. पाठवणाऱ्याला कळवायचंही नाही, कळवलं की पत्ता चालू आहे हे त्या स्पॅमवाल्यांना समजतं. नियम माझा मीच लिहिला. विषय नाही, मजकूर नाही, नुसती फाइल जोडलेली – की गेला मेल. असला मेल कुठला शहाणा माणूस पाठवतो?

९ जून
रोज चारशे कचरा मेल यायचे. आज नऊ! कमलाकर सरांनी काळजीने विचारलं, मेल बंद पडलाय का. यांच्यासाठी इतकं डोकं चालवायचं.

१९ जून
संस्थेच्या रुग्णसेविका कोर्सच्या अर्जांची मुदत काल संपली. वसतिगृहासकट तीस जागा, अर्ज फक्त मेलने. गेल्या वर्षी शंभराच्या वर अर्ज होते, यंदा अडुसष्ट. शाम म्हणतो, तांड्यांवरून एकही नाही, असं कधी झालं नव्हतं. पाठवलेच नसतील म्हटलं. या लोकांना तारीख कधी पाळता आली आहे? तो मान खाली घालून निघून गेला.

२४ जून
धरमसिंग राठोड म्हणून एक जण आला. मुलगी पुष्पा, बारावीला एक्याऐंशी टक्के. बारा तारखेला रामधनच्या सेवा केंद्रातून अर्ज पाठवला म्हणे, उत्तर आलंच नाही. शामने खुलासा केला – तांड्यांवरचे सगळे अर्ज रामधन स्वतःच्याच पत्त्यावरून पाठवतो, उत्तर आलं की घरोघर जाऊन सांगतो. विषयाच्या जागी काय लिहितो, मी शामला विचारलं.

"काहीच नाही मॅडम. अर्ज आतमधी आहे ना. वरून अजून काय लिहाचं?"

मी मेलबॉक्स उघडून दाखवला. आलेला नाही, म्हटलं. मेलबॉक्समध्ये नव्हताच. धरमसिंग पडद्याकडे बघतच बोलला.

"मंग पोरीचंच चुकलं असन. लय बोललो मी तिले. खोटारडी म्हनलं. पाठवलाच नाही अन् मले सांगून राह्यली, असं वाटलं."

माझा वेळ घेतला म्हणून माफी मागून गेला.

२५ जून
फेकलेला मेल परत मिळत नाही, पण त्याची नोंद राहते – पाठवणारा, वेळ, फाइलचं नाव. सकाळी आल्या आल्या पाहिली. रामधनचा पत्ता, १२ जून, संध्याकाळी सहा ते सात, एकतीस मेल. एकतीस मुली! एकोणिसावी फाइल पुष्पा धरमसिंग राठोड.

दिवसभर रामधनवर चिडून होते. विषयात चार शब्द लिहायला काय जातं? पण मुदतीच्या जाहिरातीत विषय लिहा असं कुठे होतं? नव्हतं. ती जाहिरात मीच चढवली होती.

प्रवेशाची यादी परवा लागणार. मला कोणी काही विचारलेलं नाही. विचारणारही नाही, कमलाकर सरांना अशी नोंद असते हेच माहीत नाही. गप्प बसले तर नोकरी शाबूत. शाम मात्र जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन समोर येऊन बसला. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

२६ जून
नोंदीची छापील प्रत आणि यादी थांबवण्याचं पत्र कमलाकर सरांच्या हातात दिलं. मग शामच्या गाडीवर बसून तांड्यावर गेले. पुष्पाला तिच्या वडिलांसमोर सांगितलं – तू पाठवला होतास, मी फेकला. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती बापाकडे बघत होती.