नाव खोडलेली केस

शहापूर, बेळगाव
१४ नोव्हेंबर २०२४

चि. त्रिशला,
अनेक आशीर्वाद.

प्रथम एक गंभीर तक्रार. तुझ्या अप्पांच्या संगतीत हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये मी इतकी वर्षं चुरमुऱ्यांचं गिरमिट बिनकांद्याचं खातो आहे. मी जैन नाही. परवा एकटाच होतो म्हणून धीर करून कांदा मागितला, तर कॅन्टीनवाला म्हणतो, "अभिनंदनसाहेबांना सांगू काय?" पाठशाळेत षड्रिपू पाठ केले होते, त्यांत कांदा असल्याचं आठवत नाही.

असो. तू फोन घेत नाहीस, म्हणून पत्र. अप्पांची ऑपरेशनं थांबवल्याचं तुला बाहेरून कळलं, आणि "तुम्ही सगळ्यांनी मिळून केलंत" असं तू लिहिलंस. थांबवली, हे खरं. कशी, ते ऐक. समितीतलं बाहेर बोलायचं नाही हा नियम त्यानंच घातलेला. तो आज मी मोडतो.

कुणाला कोणतं ऑपरेशन करू द्यायचं ते आमची समिती ठरवते. त्यासाठी झालेल्या केसेस, डॉक्टरचं नाव खोडून, सभासदांना तपासायला देतात. स्वतःची केस स्वतःकडे येऊ नये. पण गेल्या सोमवारच्या बैठकीत ऑफिसच्या चुकीनं तशी एक अप्पांकडे गेली. पित्ताशयाचं ऑपरेशन, भलतीच नळी कापलेली. महिन्यापूर्वीचं, त्याच्याच हातचं. भूल मी दिली होती.

त्यानं ती सावकाश वाचली. चष्मा काढला. "रघू, ह्या माणसाला परत थेटरात सोडू नका रं. बाई वाचली हे नशीब."

आम्ही थांबलो. आता म्हणेल, अरे, हे तर माझंच. सौम्या, आमची धाकटी सर्जन, त्याच्याच हाताखाली शिकलेली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. त्यानं पुढची केस उघडली.

निर्णय मग त्याच्याच शब्दांत लिहिला. तो कागद अजून माझ्या खणात आहे. त्याला मात्र थेटरची दुरुस्ती निघालीय असं सांगून ठेवलंय, आणि तो रोज विचारतो, झाली का.

काल गाडीत बसताना म्हणाला, "त्या बिचाऱ्या डॉक्टरच्या घरच्यांना कुणी सांगितलं काय रं?"

सांगतो, म्हटलं.

तर तुला सांगितलं. आता त्याला सांगायचं आहे. एकदा सांगून भागेल, की दर वेळी नव्यानं सांगावं लागेल, हे मला ठाऊक नाही. त्रिशला, मला त्या सांगण्याची भीती वाटते. एकट्यानं जमणार नाही. ये.

तुझ्या अप्पांचा मित्र,
रघुवीर