वत्सलाअक्कांचे चोवीस पडदे

१४ एप्रिल २०२५, सोमवार. पुत्तांडु.
तमिळ वर्ष नवं, वही नवी, मीही नवा. आजपासून मी नुसता वीणा करणारा सुरेंद्रराव नाही. आजपासून फाउंडर. 'याळी गिटार्स, तंजावूर.' वीणेच्या टोकाला सिंहासारखं याळीचं तोंड कोरतो, तेच गिटारच्या टोकाला कोरणार. लोगोचा प्रश्न मिटला. चाळीस वर्षं फणसाचं लाकूड तासतोय. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे तरी काय, पोट नसलेली वीणाच की!
भुवना म्हणाली, आधी वत्सलाअक्कांची वीणा द्या. बायको चांगली आहे, पण व्हिजन नाही.
वही मराठीत लिहितोय. घरात देवनागरी माझ्याशिवाय कुणाला वाचता येत नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.
अक्कांची वीणा मंगळवारी देणार. नक्की.

१६ एप्रिल, बुधवार
मंगळवार काल होता. राहून गेलं.
तसं काम फार नाही. दांडीवरचे, तारांखालचे जुने पितळी पडदे नि झिजलेलं मेण काढून झालंय. आता नवं मेण-कोळसा कालवायचं आणि एकेक पडदा कानानं सुरात बसवायचा. डोकं शांत पाहिजे. फाउंडरचं डोकं शांत कसं असणार?
अक्का आईची मैत्रीण. वय ब्याऐंशी. गल्लीतल्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखाली शिकल्या. २६ मेला मुलगा वरुणराव त्यांना बेंगळुरूला नेणार, कायमचं. आदल्या संध्याकाळी इथल्या घरात एकदा वीणा वाजवायची, एवढंच त्यांचं मागणं. मग वीणा तुझ्याकडेच ठेव म्हणाल्या, फ्लॅटमध्ये जागा नाही.
२५ मे! ढीगभर वेळ आहे.

२३ एप्रिल
गिटारची बॉडी तयार. सुंदर! जड आहे थोडी. याळीचं तोंडही अंमळ मोठं झालं. पट्टा लावून गळ्यात घातली की गिटार तोंडावर पडते. वाजवणाऱ्यानं हात आधाराला द्यायचा. संगीतात नम्रता हवीच.

२९ एप्रिल, मंगळवार
ऑनलाइन मागवलेले गिटारचे पडदे आले. तारेचे तुकडे! म्हणे खाचेत ठोकून बसवायचे, मग आयुष्यभर हलत नाहीत. कानाला कामच नाही! हे संगीत आहे की खिडकीची जाळी?
माझी गिटार मेणात पडदे बसवलेली जगातली पहिली गिटार होणार. सूर बिघडला तर पडदा सरकवा.
आता अडचण एवढीच की चांगले पितळी पडदे हाताशी नाहीत.

३० एप्रिल
गिटारला पडदे चोवीस लागतात. वीणेला पडदे चोवीसच. अक्कांचे डब्यात नुसते पडून आहेत. याला योगायोग म्हणत नाहीत, देवाची इच्छा म्हणतात.
फक्त ट्रायलसाठी. चार दिवस. चोरी नव्हे.
जेवण गेलं नाही. उन्हामुळे असेल.

६ मे, मंगळवार
अक्का दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, बसल्या होत्या. दुरूनच दिसल्या. बाजाराला ग्रंथालयाच्या मागून वळसा घालून गेलो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे.

१३ मे, मंगळवार
पुन्हा वळसा. तब्येत सुधारतेय असं वाटतं. अक्कांनी भुवनाबरोबर लिंबाचं लोणचं पाठवलं, वर निरोप, की सुरेंद्रानं जिवाला फार लावून घेऊ नये, उन्हाचं सावकाश कर म्हणावं.
त्यांना कळलंय की काय? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण मी चोर नाही, त्यामुळे ते लागू होत नाही.
लोणच्याला हात लावला नाही.

१७ मे, शनिवार
अहाहा! लॉन्च ठरला. भाचा कार्तिक लग्नाच्या रिसेप्शनमध्ये लाइट म्युझिक वाजवतो. रविवारी, २५ला, पापनाशमला त्याचा कार्यक्रम आहे. मामासाठी एक गाणं 'याळी'वर वाजवीन म्हणाला. स्टेजवर फार लाइट असतात, मेण टिकेल ना, असंही विचारत होता. मी म्हटलं, बाळा, माझ्या वीणांनी तंजावूरचे चाळीस उन्हाळे काढलेत.
२५ तारीख कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते.
आठवली. हरकत नाही. मंगळवारी गिटारचे पडदे काढून वीणेला बसवीन, गिटारला दुसरे करीन.

२० मे, मंगळवार
दुसरे पडदे झाले नाहीत. आज व्हिजिटिंग कार्ड आली. त्यात वेळ गेला.
भुवनानं सरळ विचारलं, अक्कांची वीणा झाली का हो? मी म्हटलं, झालीच. 'च'वर जोर दिला. खोटं बोलायचं नव्हतं. तोंडातून गेलं.

२५ मे, रविवार. सकाळ.
गिटार घेऊन पापनाशमच्या बसनं निघालोय. वर्कशॉपला कुलूप. अक्कांना उद्या पहाटे निघायच्या आधी भेटून सगळं सांगणार. मोठ्या मनाच्या आहेत. उलट अभिमानच वाटेल त्यांना. त्यांचे पडदे स्टेजवर!

२६ मे, सोमवार
काय लिहू.
पहिली दोन मिनिटं ठीक गेली. मग लाइट तापले. कार्तिकनं तार जोरात ओढली आणि वरचे पडदे लोण्यातून निघावेत तसे घसरले. मग खालचे. गिटार तोंडावर पडली. एक पडदा काळ्या मेणासकट नवरदेवाच्या पट्टुवेष्टीला, रेशमी धोतराला, चिकटला. मी आहेर-पाकिटांच्या टेबलाखाली रांगत पडदे गोळा करत होतो. तेवीस सापडले. सातवा नाही.
कार्तिकनं 'याळी' उतरवून बाजूला ठेवली. दुसरी गिटार घेऊन पुढचं गाणं धरलं. तेच जास्त लागलं.
घरी आलो तर भुवना स्वयंपाकघरात पाठ करून उभी. सगळं तिनं पाठमोरीच सांगितलं. संध्याकाळी अक्कांनी रेशमी साडी नेसून समई लावली. गल्लीतल्या सगळ्या शिष्या जमल्या. वीणा झालीय असं मीच सांगितलेलं, म्हणून भुवना किल्ली घेऊन आणायला गेली. कापड काढलं तर दांडीवर एकही पडदा नाही. तिनं जाऊन हात जोडले. अक्का म्हणाल्या, असू दे, सुरेंद्र कामात असेल. मग तंबोऱ्यावर सगळ्याजणी गायल्या. अक्का मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. त्यांची बोटं हलत होती, असं भुवना म्हणाली.
पहाटे धावत गेलो. गाडी निघून गेली होती.
लाज वाटते. कारण शोधलं, सापडलं नाही.

२८ मे
बाजाराला सरळ रस्त्यानं गेलो. तिण्णै रिकामी. डॉक्टर काही म्हणोत, वळसा बंद.

१० जून
झाली वीणा! सातवा पडदा नवा केला. तीन दिवस एकट्यानं, कान लावून सगळे बसवले. चाळीस वर्षांत असं काम केलं नसेल. ब्रँडचं नाव काढलं नाही, भुवनानंही नाही.
मग धीर करून अक्कांना फोन लावला. पडदे कुठे गेले होते ते सगळं सांगितलं, रडलोही थोडा. अक्का म्हणाल्या, लोणचं खाल्लंस का? मग म्हणाल्या, वाजव, ऐकू दे. फोन वीणेजवळ ठेवून वरपासून खालपर्यंत वाजवलं. फोन पुन्हा कानाला लावला. मनात म्हटलं, गहिवरल्या असतील. सुटलो!
मग म्हणाल्या, सातवा उतरलाय रे सुरेंद्रा. तो माझा नाही वाटतं.
पुन्हा वाजवून पाहिला. उतरलाय. मेण अजून मऊ आहे.
मग नीट कधी करतोस, असं विचारलं. मऊ आवाजात, नेहमीसारखं.
मी म्हटलं, मंगळवारी, अक्का. नक्की.
फोन ठेवला आणि कॅलेंडर पाहिलं. आज मंगळवारच आहे.