सोनियाच्या ताकदीच्या गोळ्या

४ मार्च २०२४

सोनिया एक्क्याण्णव किलो! जानेवारीत वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा एकशे सोळा होती. दवाखान्यातल्या सेंटरवर गोळ्यांच्या रांगेत सगळ्या बायका तिच्याभोवती. ब्लाऊज केवढा ढगळ झालाय ते ओढून ओढून दाखवत होती. मी पण हसले. गाल दुखले.

मी सत्त्याण्णव. "भानुमतीबाई, गुडघे सांभाळा," सेंटरच्या डॉक्टर मॅडम एवढंच म्हणाल्या.

६ मार्च

नळाला आज आठव्या दिवशी पाणी. दोन मजले हंडे चढवताना तीनदा बसले.

माझे यजमान अनंतराव गेले तेव्हा मी अडतीस किलोची होते. एचआयव्ही त्यांना, मग मला. नळावर बायका माझी हाडं बघायच्या आणि आपला हंडा बाजूला सरकवायच्या. गोळ्यांनी अंग भरलं, तशा बोलायला लागल्या. एकेक किलो चढला की देव पावल्यासारखं वाटायचं. आमच्यातल्या कुणालाच बारीक व्हायचं नव्हतं — बारीक झालं की लोक ओळखतात! आणि आता सोनिया बारीक होते तर टाळ्या.

तिचा नवरा आहे. त्यालाही तेच दुखणं, पण आहे. दवाखान्यात तिच्या पायथ्याशी बसून होता. मलाही डॉक्टर म्हणाले होते, "ऑपरेशन करता येईल, सोबत कोण राहील?" तिथंच विषय संपला.

१२ मार्च

करमाडला तिच्या घरी गेले. रस्त्याला दोन्हीकडं गोदामं. विहिरी कोरड्या, पाणी टँकरचं. यांचं रान कंपनीत गेलं, त्या पैशातून तर ऑपरेशन जमलं.

सोनियानं सासूच्या देखत मूठभर गोळ्या तोंडात टाकल्या. त्यात आपली एचआयव्हीची गोळीसुद्धा! नऊ वर्षं ती तांदळाच्या डब्यात लपवायची. सासू लक्ष्मीबाई मला सांगते, "ताकदीच्या गोळ्या लई दिल्यात बघा डॉक्टरनं." सोनियानं मला डोळा मारला. मग स्वयंपाकघरात, कानाशी — "कॅल्शियम, लोह, आपली, समदं एकदम! आता लपवायचं कामच नाय, ताई!"

कॅल्शियम-लोहाबरोबर अशी घेतली तर आपली गोळी अंगी लागत नाही. त्यांच्या आधी दोन तास, नाहीतर नंतर सहा तास. गोळी बदलली तेव्हा बाटलीतला कागद मी भिंग आणि शब्दकोश घेऊन चार दिवस वाचला होता.

मी चहा प्यायले. म्हणाले, "साखर जरा जास्त झाली गं."

१३ मार्च

फोन करायचा राहिला.

२ एप्रिल

क्रांती चौकात दिसली. नवऱ्याच्या मागं गाडीवर, हिरवा ड्रेस, ओढणी उडतेय. "ताई, बेतानं!" ओरडली. मी रस्ता ओलांडायला धडपडत होते.

इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते. येऊ दे तिचं दुखणं परत. थोडंसं. कळू दे तिलाही.

लिहिलं. खोडलं नाही.

१९ एप्रिल

आज सांगणारच होते. तेवढ्यात तिचाच फोन — "डॉक्टर म्हंतात, वरीस-दीड वरीस जाऊ द्या, मग लेकराचं बघू! आता वजनाची अडचण नाय!"

"छान," म्हणाले आणि ठेवला.

आमचं बाळ सात महिन्यांचं होऊन गेलं. गोळ्यांनी बाळ वाचतं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

६ जून

सोनियाचा रिपोर्ट. रक्तात विषाणू परत दिसले. पाच वर्षं नव्हते. बाकावर बसून रडत होती — "येक दिवस गोळी चुकवली नाय मी!" नवरा भिंतीला टेकून उभा. मॅडम विचारतायत — ताप? जुलाब? जेवण?

माझ्या तोंडून निघालं, "कॅल्शियम कधी घेते विचारा."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "आम्हीच विचारायला हवं होतं! तुम्हाला कसं सुचलं?"

"वाचलं होतं."

वेळा बदलून दिल्या. परत तपासतील. विषाणूंचा आकडा बहुतेक खाली येईल, म्हणाल्या. बहुतेक!

सोनिया गळ्यात पडली. "तुमी व्हत्या म्हणून कळलं, ताई." तिच्या खांद्याची हाडं टोचली मला.

९ जून

तिचा नवरा केशर आंब्याची पेटी ठेवून गेला. जाताना पाया पडला.

पेटी उघडली नाही.

११ जून

करमाडला जाऊन सांगितलं. मला मार्चपासूनच माहीत होतं.

ती मग म्हणाली, "माझं बरं झालेलं तुमाला बघवलं नाय. व्हय ना?"

हो, म्हणाले.