छत्रीवीर आमच्याच घरी राहतो

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार आणि वहिनीला घट्ट मिठी (तुला नाही, तुझी दाढी टोचते). पाठ कशी आहे? डॉक्टरांनी वाकू नका म्हटल्यावर आता घरातलं काही म्हणजे काहीही उचलायचं नाही, असा सोयीचा अर्थ तू काढल्याचं वहिनीने कळवलंय. इकडे सासूबाई ठणठणीत आहेत, माझं शिवणयंत्र धडधडतंय, पडद्यांच्या ऑर्डरी आहेत. फक्त तुझ्या मेहुण्यांचं जेवणावरून मन उडालंय. त्याचीच हकीकत लिहायला बसलेय. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

तुला म्हणून सांगते, पोटात ठेव. हे ऑफिसात तक्रारीच्या खिडकीवर बसतात ते तुला ठाऊक आहेच. दिवसभर लोकांचं ऐकायचं आणि वर कळवतो म्हणायचं (वर कोण असतं ते ह्यांनाही ठाऊक नाही). त्याचंच मनाला लागलं असणार. एके दिवशी म्हणाले, मला एक झगा शिवून दे, पाठीवर उडेल असा. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पण तेव्हापासून पाऊस आला की हे झगा आणि मुखवटा चढवून बसथांब्यावर उभे राहतात आणि छत्री विसरलेल्या माणसांना दारापर्यंत सोडून येतात. लोकांनी नावही ठेवलं, छत्रीवीर. पोशाख एका मोठ्या ऑर्डरीतून उरलेल्या किरमिजी मखमलीचा आहे. (उरलेलं कापड शिवणाऱ्याचं, हा आमच्या धंद्याचा नियम आहे. नाक मुरडू नकोस.) सासूबाईंना आम्ही यातलं अवाक्षरही कळू दिलं नाही. त्यांच्या मते त्यांचा मुलगा म्हणजे धड छत्रीसुद्धा वाळत न घालणारा माणूस.

तर आमच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी अशा वीरांवर एक माहितीपट काढला. तिकिटाचे पैसे मुलांच्या इस्पितळाला. त्यात रस्त्यातले खड्डे बुजवणारे गॉगलवाले निवृत्त पोस्टमन आहेत, हरवलेली मांजरं शोधणाऱ्या एक पंखवाल्या बाई आहेत (मांजरं पंख बघून आणखी लांब पळतात, पण बाई हटत नाहीत), आणि आमचे हे आहेत. मुखवट्याआडून घोगऱ्या आवाजात हे म्हणतात, माझं नाव महत्त्वाचं नाही, माझ्या आईलाही ते माहीत नाही. इथे हमखास टाळ्या पडतात. या एका वाक्याने ह्यांचा घात केला. आता तोंड उघडावं तर माहितीपट खोटा पडतो, आणि तसं काही करणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्याकडून वदवून घेतलंय, तेही दाढेत यंत्र घालून.

पहिला खेळ वाचनालयात झाला. सासूबाई ह्यांच्या शेजारी बसल्या होत्या. पडद्यावर छत्रीवीर एका म्हातारबाबांना हाताला धरून चिखलातून नेत होता, तर सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "काय गुणाचं पोर! आईनं किती पुण्य केलं असेल. नाहीतर आमचं रत्न." रत्न शेजारी बसून शेंगदाणे खात होतं. दादा, तो घास ह्यांच्या घशात अडकला तो अडकलाच. आईच्या तोंडून आपलं कौतुक ऐकायला हा माणूस जन्मभर तरसलाय, आणि ऐकायला मिळालं ते दुसऱ्याच्या नावावर!

म्हणून दुसऱ्या खेळाला पुन्हा तिकिटं काढली. आपण सांगायचं नाही, पण कुणी ओळखलं तर आपला काय दोष, अशी ह्यांची वकिली. शाळेच्या व्यायामशाळेत कडक उन्हाच्या दुपारी हे मांडीवर छत्री घेऊन बसले. पडद्यावरचं वाक्य यायच्या आधीच घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवू लागले. मागच्या माणसाने खांद्यावर टिचकी मारून बजावलं, अहो, आधी पाहिला असेल तर आम्हाला तरी बघू द्या! मध्यंतरात भलतंच झालं. उंचीवरून लोकांनी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला छत्रीवीर ठरवलं. त्या लबाडाने हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. नुसता मान खाली घालून विनयाने हसला. ह्यांनी त्या दिवसापासून डोकेदुखीची गोळी घेणं बंद केलंय, डोकं कितीही दुखो.

तिसरा खेळ नाट्यगृहात होता. शेवटी सगळे वीर पोशाखात रंगमंचावर येतील, अशी जाहिरात झाली. ह्यांनी ठरवलं, आज मुखवटा काढायचा, डॉक्टरीणबाईंनी हवं तर सगळ्या दाढा उपटाव्यात. खेळ संपताना लघुशंकेचं निमित्त करून उठले आणि आत जाऊन पोशाख चढवून आले. आणि दादा, दिवे लागले तेव्हा मला आठवलं की ती मोठी ऑर्डर या नाट्यगृहाचीच होती! मागे माझाच पडदा, पुढे माझाच नवरा, मखमल एकच. पोस्टमन दिसले, पंखवाल्या बाई दिसल्या, आणि त्यांच्या शेजारी हवेत लोंबकळणारी एक छत्री. शिवण इतकी बेमालूम की मलाच ह्यांची कड सापडेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छत्रीवीर आज येऊ शकले नाहीत, पण त्यांनी प्रेमाने आपली छत्री पाठवली आहे. लोकांनी उभं राहून छत्रीला टाळ्या वाजवल्या. हे मुखवट्याला हात घालतात न घालतात तोच पडदा पाडणाऱ्याने दोर ओढला आणि तुझे मेहुणे घडीत गेले. खाली औषधवाला उठून चारी दिशांना नमस्कार करत होता.

तेव्हापासून हे पानावरून अर्धपोटी उठतात. मी हसते, पण मला वाईटही वाटतं रे. बाकी सर्व क्षेम. पाठीला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. पुढच्या रविवारी चौथा खेळ आहे. तुझं तिकीट काढून ठेवलंय, सासूबाईंच्या मागच्या रांगेतलं. तू शपथ घेतलेली नाहीस. तेव्हा छत्रीवीर दिसला की उठायचं आणि मेहुण्यांकडे बोट दाखवून ओरडायचं, अहो, हे तर तुम्हीच! मोठ्याने ओरड, सासूबाईंना कमी ऐकू येतं.

ता. क. २. पाकीट चिकटवणार एवढ्यात सासूबाई माझ्या शिवणाच्या खोलीत येऊन गेल्या. म्हणाल्या, झग्याला आतून फलाटीण लाव, पोराला सर्दी लवकर होते. तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं. तर म्हणतात, घाबरला की छत्रीच्या मुठीवर बोटं आपटायची सवय त्याला लहानपणापासून आहे, पडद्यावर बघताक्षणी ओळखला. मग त्याला सांगत का नाही? तर म्हणाल्या, "तोंडावर स्तुती केली की लाजून घरी बसतो तो. चौथीत चित्राला छान म्हटलं, पुन्हा ब्रश धरला नाही. पावसात भिजणाऱ्या म्हाताऱ्यांना कोण सोडेल मग?" आणि पदराने डोळे पुसत गेल्या.

ता. क. ३. तरीही ये आणि ओरडच. सासूबाईंना ऐकू येणार नाही, तसं आमचं दोघींचं ठरलंय. पण ह्यांना येऊ दे.