गाडी कापली, बाबा निघेनात

तीर्थस्वरूप सौ. आईंस, जावयाचा शिरसाष्टांग नमस्कार.

चार दिवसांसाठी म्हणून तुम्ही मावशींकडे गेलात त्याला परवा दोन महिने झाले, तेव्हा तिकडची हवा चांगलीच मानवली असणार असं धरून चालतो. मावशींचा गुडघा कसा आहे? इकडे सर्व क्षेम. (सर्व म्हणजे मी आणि तुमची लेक. बाबांचं पुढे येईलच.) तुम्ही परत कधी येणार हे विचारायला हे पत्र नाही. तसं विचारायचं नाही अशी बाबांची सक्त ताकीद आहे.

पत्राचं कारण माझी परीक्षा. अग्निशमन केंद्रात मला बचाव पथकात कायम करायचं की पुन्हा पाण्याच्या गाडीवर धाडायचं, हे काल ठरणार होतं. अपघातात गाडी चेपली की आतल्या माणसाला सोडवायला आमच्याकडे तेलाच्या दाबावर चालणारी दोन अवजारं असतात. एक दार फाकवतं, दुसरं पत्रा आणि छपराचे खांब कापतं. पंप चालू झाला की लोखंडाचं काही चालत नाही. तीन महिने मी ती वीस-वीस किलोची धुडं उचलून खांदे तयार केले. आणि काल चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझ्या वाट्याला काय आलं, तर मागच्या सीटवर बसायचं, अडकलेल्याची मान हलू नये म्हणून त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरायचं आणि त्याच्याशी बोलत राहायचं. बोलणं हा माझा प्रांत नाही, हे तुम्ही पहिल्या भेटीपासून जाणता.

त्यात अडकलेला माणूसच आला नाही. स्टोअरकीपर बसणार होता, त्याची पाठ धरली (खरोखरची). नेमके तेव्हाच बाबा माझा विसरलेला डबा घेऊन फाटकात उभे. परीक्षकसाहेबांनी त्यांना एकदा न्याहाळलं आणि भंगारातल्या गाडीत स्टिअरिंगमागे बसायची विनंती केली. मला वाटलं, बाबा फटकारतील. ते चष्मा खिशात ठेवून बसलेसुद्धा. आता सासऱ्याचं डोकं जावयाने दोन्ही हातांत कसं धरावं, याची रीत मला कोणी शिकवलेली नाही. मी आधी "धरू का?" असं विचारलं. तिथे अर्धा गुण गेला.

नियम असा, की दर मिनिटाला विचारायचं, "कुठे दुखतंय?" पहिल्या वेळी बाबा म्हणाले, "कुठे नाही." पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी पुन्हा तेच विचारलं. बाहेर काचा निघाल्या, दार फाकलं, बिजागऱ्या तुटल्या, पंपाची घरघर चाललेली, आणि मी आपला विचारतोय. चौथ्या खेपेला बाबा म्हणाले, "शिलाई मशीन." मला वाटलं पायाशी काही अडकलंय, म्हणून वाकून पाहिलं (आणखी अर्धा गुण). मग ते तुमच्याबद्दल बोलायलाच लागले: तिला न विचारता तिचं मशीन भंगारवाल्याला देऊन टाकलं, वर तिलाच अडगळ जमवतेस म्हणालो. पोरीचे पहिले फ्रॉक त्याच मशीनवर शिवले होते, हे ती गेल्यावर आठवलं. रोज सकाळी हात दोन कप चहा टाकतो, दुसराही मीच पितो, त्याने पित्त होतं. आई, हे नाटकात धरायचं की खऱ्यात, ते मला कळेना. डोकं तर सोडता येत नव्हतं. ते माझ्या हातांत थरथरत होतं आणि मला फार वाईट वाटलं, हे सरळ सांगतो.

तेवढ्यात छप्पर उचललं गेलं. बाबांच्या मानेला पट्टा बांधला, माझे हात मोकळे झाले आणि समोर फॉर्म आला. त्यावर माणसाचं चित्र असतं, जिथे दुखत असेल तिथे फुली मारायची. शिलाई मशीनची फुली कुठे मारतात? बराच विचार करून मी ती छातीवर मारली. ती पाहून रुग्णवाहिकेची माणसं स्ट्रेचर घेऊन खरीखुरी धावत आली, आणि बाबांनी स्टिअरिंग घट्ट धरून ठेवलं. माझं बोलून झालेलं नाही, म्हणाले. दारं निघाली, खांब निघाले, छप्पर निघालं, बाबा काही निघाले नाहीत. अर्धा तास ते तसेच उघड्यावर बसून होते आणि सगळं केंद्र भोवती उभं राहून ऐकत होतं. साहेबांनी शेरा मारला, "गाडी कापली, माणूस सुटला नाही." शनिवारी फेरपरीक्षा आहे.

मावशींना नमस्कार सांगावा.

आपला आज्ञाधारक,
जावई

ता. क. शनिवारी पुन्हा आपणच बसणार, असं बाबांनी साहेबांना परस्पर सांगून टाकलंय. स्टोअरकीपरची पाठ आज बरी झाली, तरी.

ता. क. २ : नियमपुस्तिकेत लिहिलंय, की अडकलेला माणूस ऐकत नसेल तर त्याच्या अगदी जवळच्या माणसाला बोलावून घ्यावं. जावई त्यात बसत नाही, मी विचारून पाहिलं. सकाळी दहाला सुरुवात आहे. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे म्हणून लिहितो, बाकी काही नाही.

ता. क. ३ : पत्र बाबांनी वाचलं. यातलं अक्षर न् अक्षर खोटं आहे, हे टाकायचं नाही, म्हणाले. आता विचारतायत, पोस्टाची पेटी किती वाजता उघडतात. चपला घालून, हात पुढे करून दारात उभे आहेत, म्हणून इथेच थांबतो.